कुलुपापाशीं खोळंबलेली गर्दी

एकेरी रुळांच्या रेल्वेमार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची टक्कर होऊं नये म्हणून एक जुनी युक्ति योजिलेली असे. दोन स्थानकांमधल्या टप्प्यासाठीं दोन्ही स्थानकांवर एकमेकांशीं तारेनें जोडलेलीं यंत्रें असत व त्यांत धातूचे गोळे ठेवलेले असत. एक गोळा बाहेर आला कीं तो पुन्हां कोणत्या तरी एका यंत्रांत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. आणि गोळा हातीं आल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी पुढें न्यावयाची नाहीं, असा कडक नियम. टक्कर टळे, यांत शंका नाहीं. परंतु गाड्या दोनांच्या वीस झाल्या म्हणजे त्याच गोळ्यापायीं स्थानकांवर गाड्यांची रांग लागे, हेंहि तितकेंच खरें. संगणकाच्या अंतर्भागांत हाच प्रसंग पुष्कळ वर्षें घडत आलेला आहे, आणि त्यांतून वाट काढण्यांत जगांतील कित्येक उत्तम बुद्धीच्या माणसांनीं आपलें आयुष्य वेंचलें आहे.

संगणकाचा जो भाग प्रत्यक्ष आज्ञा पार पाडतो त्यास कोअर म्हणतात. पूर्वीं एका यंत्रांत एकच कोअर असे. आतां खिशांतल्या फोनमध्येंहि आठ असतात, आणि मोठ्या कचेऱ्यांचा कारभार चालविणाऱ्या यंत्रांत शंभराच्या वर असले तरी कोणास नवल वाटत नाहीं. या सर्वांवर देखरेख करणारी जी व्यवस्था, तिच्या गाभ्यास कर्नेल असें नांव आहे. आणि डिस्कवर साठविलेल्या फाइलींचीं नांवें, जागा, मालकी व हक्क यांचा हिशेब ठेवणारें कर्नेलमधलें जें खातें, तें फाइलसिस्टिम. खातें एक, पण कारकून अनेक. कारण प्रत्येक कोअर आपल्या कामाच्या ओघांत त्या खात्याचा कारकून होतो आणि त्याच वह्या चाळतो. दोन कारकुनांनीं एकाच वेळीं एकाच ओळीवर लेखणी चालविली तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून वहीला कुलूप. ज्याच्या हातीं किल्ली त्यानें वही उघडावी, बाकीच्यांनीं थांबावें. या प्रश्नाचें शास्त्रशुद्ध विवेचन हॉलंडचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं केलें. आणि गंमत अशी कीं, त्यांनीं योजिलेल्या साधनाला नांव मिळालें तेंहि रेल्वेच्या सिग्नलचेंच, सेमाफोर.

पुढची हकीकत लिनक्स या कर्नेलच्या बाबतींत विशेष स्पष्ट दिसते, कारण त्याचा सर्व मजकूर खुला आहे व कोणतें कुलूप केव्हां आलें आणि केव्हां गेलें हें कोणासहि पाहतां येतें. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें १९९१ मध्यें तें लिहावयास घेतलें. अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनमध्यें तेंच असतें. म्हणजे महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत तें येऊन बसलेलें आहे, आणि घरच्या मंडळींस त्याची वार्ताहि नाहीं. १९९६ मध्यें त्याची २.० ही आवृत्ति निघाली व तींत एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांची सोय झाली. सोय कशी, तर सबंध कर्नेलला मिळून एकच कुलूप. इंग्रजींत त्यास ‘बिग कर्नेल लॉक’ म्हणत. मराठींत महाकुलूप म्हणावें. एक प्रोसेसर कर्नेलांत शिरला कीं बाकीचे दाराबाहेर. ही रचना ओबडधोबड खरी, पण तिला हसूं नये. जो मजकूर एकाच प्रोसेसरासाठीं लिहिला गेला होता, तो न बिघडवितां दोन प्रोसेसरांवर चालविण्याचा तोच निर्धास्त मार्ग होता. आणि प्रोसेसर दोन-चार असेपर्यंत कोणाचें फारसें अडलेंहि नाहीं.

अडतें केव्हां, हें साध्या अंकगणितानें कळतें. जीन ॲम्डाल या अमेरिकन अभियंत्यानें १९६७ मध्यें हा हिशेब मांडला. समजा, एखाद्या कामाचे शंभरांतील ५ भाग असे आहेत कीं ते एका वेळीं एकानेंच करावयाचे. मग उरलेले ९५ भाग कितीहि जणांत वांटले तरी सबंध काम २० पटींहून अधिक वेगानें होणें नाहीं. ४८ कोअर लावले तर १४ कोअरांहून थोडें अधिक इतकेंच काम पदरीं पडतें; बाकीच्यांची किंमत आणि वीज वायां. शिवाय हा हिशेब सुद्धां उदार आहे, कारण थांबलेले लोक काम करणाऱ्यास त्रास देत नाहींत असें त्यांत गृहीत धरलेलें आहे. प्रत्यक्षांत ते त्रास देतात, आणि तोच या विषयाचा खरा गाभा आहे.

तो त्रास कसा होतो हें पाहण्यापूर्वीं फाइलसिस्टिमचें नित्याचें काम ध्यानांत घेतलें पाहिजे. तें म्हणजे नांवावरून फाइल शोधणें. ‘होम, सरिता, पत्रें, जून’ असा एखादा पत्ता मिळाला म्हणजे मूळ डिरेक्टरीपासून निघावयाचें, तींत ‘होम’ शोधावयाचें, त्यांत ‘सरिता’, मग ‘पत्रें’ आणि शेवटीं ‘जून’, अशी पायरीपायरीनें वाट चालावी लागते. प्रत्येक पायरीस डिस्कपर्यंत जावयाचें म्हटलें तर वेळ पुरणार नाहीं. म्हणून एकदां सांपडलेलें नांव कर्नेल आपल्या मेमरींत एका चिठ्ठीवर टिपून ठेवतें. अशा लाखों चिठ्ठ्यांचा संग्रह असतो, त्यास डीकॅश म्हणतात. चिठ्ठ्या अनेक खणांत वांटलेल्या असतात. कोणतें नांव कोणत्या खणांत जावयाचें हें त्या नांवाच्या अक्षरांवरून ठरतें. आणि एका खणांतल्या चिठ्ठ्या एका दोऱ्यांत ओंवलेल्या असतात. आतां वाड्यांतल्या वीस बिऱ्हाडांचीं दारें निरनिराळीं असलीं तरी दिंडी एकच असते. त्याचप्रमाणें पत्ता कोणताहि असो, बहुतेकांची वाट मूळ डिरेक्टरीच्या चिठ्ठीवरूनच जाते. गर्दी होते ती तेथें.

कोणी म्हणेल कीं, चिठ्ठी नुसती वाचावयाची तर कुलूप हवें कशाला? त्याचें उत्तर नामांतरांत आहे. एक कोअर खणांतल्या दोऱ्यानें एकेक चिठ्ठी पाहत चालला आहे. तो ज्या चिठ्ठीवर उभा आहे तीच दुसऱ्या कोअरनें उचलली, तिच्यावरील नांव बदललें आणि नव्या नांवाच्या हिशेबानें ती भलत्याच खणांत ओंवली. पहिल्याला याची गंधवार्ता नाहीं. तो पुढची चिठ्ठी, पुढची चिठ्ठी करीत त्या भलत्या खणाच्या शेवटास पोंचतो आणि सांगतो कीं, मागितलेली फाइल अस्तित्वांतच नाहीं. वस्तुतः ती फाइल पहिल्या खणांत सुखरूप आहे. तिचा त्या नामांतराशीं कांहींएक संबंध नाहीं. परंतु ज्या कार्यक्रमानें ती मागितली त्यास ‘नाहीं’ असें उत्तर मिळालें, आणि त्या उत्तरावर विसंबून तो पुढें काय करील याचा नेम नाहीं. ‘आहे’ त्यास ‘नाहीं’ म्हणणारी फाइलसिस्टिम संथ फाइलसिस्टिमहून शतपट वाईट. कुलुपें काढून टाकावयास निघालेल्या मंडळींच्या डोक्यावर सतत टांगलेली तरवार ती हीच होती.

आतां थांबणाऱ्यांचा त्रास. अशा कुलुपापाशीं थांबलेला कोअर स्वस्थ बसत नाहीं. ‘सुटलें का, सुटलें का’ असें पाहत जागच्या जागीं फिरत राहतो. प्रत्येक कोअरजवळ स्वतःची लहानशी पण अत्यंत चपळ अशी मेमरी असते, तींत तो लागणाऱ्या मजकुराची नक्कल ठेवतो. ही नक्कल सामान्यतः ६४ बाइटांच्या तुकड्यांनीं येते. वाचणारे कितीहि असोत, प्रत्येकाजवळ आपापली नक्कल राहूं शकते. परंतु एकानें त्या तुकड्यांत एक अक्षर लिहिलें कीं बाकीच्या सर्वांच्या नकला रद्द होतात व त्यांस नवी नक्कल मागवावी लागते. २००८ मध्यें लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तींत ‘तिकीट’ पद्धतीचें कुलूप आलें. दवाखान्यांत जसा नंबर घेऊन बसतात तसा प्रत्येक कोअरनें आपला नंबर घ्यावयाचा व चालूं नंबराच्या पाटीकडे पाहत राहावयाचें. यांत न्याय झाला; मागून आलेला पुढें घुसूं शकेना. पण गति कांहीं मिळाली नाहीं. पाटी एकच. ती बदलली कीं थांबलेल्या सर्वांच्या नकला रद्द, आणि सर्वजण नव्या नकलेसाठीं एकदम धांवणार. ज्याचा नंबर आला त्यास त्या धांवपळींतून पाटी वाचावयास मिळेपर्यंत विलंब. रांग जितकी लांब तितका किल्ली हातोहात देण्यास उशीर. आणि उशीर जितका अधिक तितकी रांग लांब.

याचा प्रत्यक्ष पडताळा अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या संशोधकांनीं २०१० मध्यें घेतला. ४८ कोअरांच्या यंत्रावर त्यांनीं सात कार्यक्रम चालवून पाहिले. त्यांत एक्झिम नांवाचा टपाल पोंचविणारा कार्यक्रम होता. सुमारें ४० कोअरांपर्यंत त्याचें काम वाढत गेलें आणि त्यापुढें आणखी कोअर देतांच एकाएकीं कोसळलें. शोध घेतां अपराधी सांपडला तो कोणती डिस्क कोठें जोडलेली आहे या तक्त्यावरचें एक लहानसें कुलूप. तो तक्ता क्वचितच बदलतो, आणि कुलूप हातीं असण्याचा काळ तर अगदींच अल्प. इतक्या क्षुल्लक कुलुपापायीं सबंध यंत्र बसावें! त्यांनीं प्रत्येक कोअरला त्या तक्त्याची स्वतंत्र प्रत दिली. सर्व दुरुस्त्या मिळून ३००२ ओळींत आटोपल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. रांगेवर खरा उपाय मात्र १९९१ मध्येंच मेलर-क्रमी व स्कॉट या दोघांनीं छापून ठेवला होता: एकाच पाटीकडे सर्वांनीं पाहूं नये, प्रत्येकानें आपल्या स्वतःच्या खुणेकडे पाहावें, आणि पुढच्यानें काम संपतांच मागच्याच्याच खांद्याला हात लावावा. लिनक्सनें ही रीत आपल्या सामान्य कुलुपांत घेतली ती ४.२ आवृत्तींत, २०१५ सालीं. चांगली कल्पना छापून आल्यापासून रुजेपर्यंत चोवीस वर्षें!

तथापि रांग शिस्तीची झाली तरी ती रांगच. खरा प्रश्न असा कीं, जो नुसतें वाचतो त्यानें रांगेंत उभें तरी कां राहावें? येथें एक सूक्ष्म मेख आहे. कुलूप काढलें तरी चिठ्ठी वाचणाऱ्यास तिच्यावर ‘सध्यां एवढे जण मला पाहत आहेत’ अशा आंकड्यांत एक मिळवावा लागे, आणि जातांना एक वजा करावा लागे. नाहींतर कोणी तरी ती चिठ्ठी वाचतां वाचतां फाडून टाकील. म्हणजे वाचणें हेंच लिहिणें होऊन बसलें. मूळ डिरेक्टरीच्या चिठ्ठीवर प्रत्येक कोअर येतां-जातां आंकडा खोडतो व नवा घालतो. प्रत्येक खाडाखोडीस इतरांच्या नकला रद्द. कोणी कोणाशीं भांडत नाहीं, कोणी कांहीं बदलत नाहीं, तरीहि सर्वजण अडलेले. वाचनालयांत येणाऱ्या प्रत्येकानें एकाच नोंदवहींत सही करावयाची ठरविली तर पुस्तकें मुबलक असूनहि दाराशीं जशी गर्दी होईल, तशी ही स्थिति.

या अडचणींतून सुटण्याची जी युक्ति, तिला आर. सी. यू. म्हणतात. सीक्वेंट या अमेरिकन कंपनींत पॉल मॅककेनी व जॉन स्लिंगवाइन यांनीं ती विकसित केली. तिचें मर्म असें: वाचणाऱ्यानें कसलीहि खूण करूं नये. बदलणाऱ्यानें जुनी चिठ्ठी न खोडतां नवी तयार करावी, एका क्षणांत जुनीच्या जागीं नवी लावावी, आणि जुनी लगेच न फाडतां बाजूस ठेवावी. मग ती फाडावयाची केव्हां? शाळेच्या उदाहरणानें हें उलगडेल. मुख्याध्यापकांनीं फळ्यावरचें वेळापत्रक बदललें. परंतु जुन्याच्या प्रती घेऊन कांहीं शिक्षक वर्गांत गेलेले आहेत. नियम असा आहे कीं, तास संपतांच हातांतली प्रत खालीं ठेवावयाची, पुढच्या तासाला न्यावयाची नाहीं. मग कोणाकडे जुनी प्रत आहे याची विचारपूस करावयाचें कारणच नाहीं. प्रत्येक वर्गांत निदान एकदां तास संपला, एवढें कळलें कीं पुरे. त्यानंतर जुनें वेळापत्रक खुशाल फाडावें. कोअरचा तास म्हणजे हातांतलें एक काम सोडून दुसरें घेणें, आणि तें तर तो नेहमीं करीतच असतो. वाचणाऱ्यावरचें ओझें असें जवळजवळ शून्यावर आलें. लिनक्समध्यें ही युक्ति २००२ मध्यें शिरली, आणि डीकॅशमधील शोधाचें काम तिच्यावर बसविण्याच्या कामगिरींत मॅककेनी यांच्याबरोबर बंगळूर येथें आय. बी. एम.मध्यें काम करणारे दीपंकर सर्मा व मनीष सोनी हे होते.

एवढ्यानेंहि प्रत्येक चिठ्ठीवरचा आंकडा गेला नव्हताच. तो निक पिगिन यांनीं हटविला. मार्च २०११ मध्यें निघालेल्या २.६.३८ आवृत्तींत त्यांचें काम समाविष्ट झालें. त्यांनीं प्रत्येक चिठ्ठीस एक क्रमांक असल्याचा उपयोग केला. चिठ्ठींत फेरफार करणारा आरंभीं क्रमांक एकानें वाढवितो, तेव्हां तो विषम होतो. संपल्यावर पुन्हां वाढवितो, तेव्हां सम होतो. वाचणारा आधीं क्रमांक पाहतो, मग मजकूर वाचतो, मग क्रमांक पुन्हां पाहतो. दोन्ही वेळीं तोच असला तर मजकूर खरा. नसला तर वाचलेलें सर्व टाकून द्यावयाचें. मूळ डिरेक्टरीपासून अखेरच्या पायरीपर्यंत कोठेंहि कांहीं न लिहितां अशी वाट चालावयाची, आणि कोठें जरा संशय आला कीं निमूटपणें माघार घेऊन जुन्या, कुलुपाच्या सावकाश वाटेनें जावयाचें. वर सांगितलेल्या भलत्या खणाच्या संकटावरहि असाच पहारा आहे. नामांतरांसाठीं एक सार्वत्रिक क्रमांक असतो. शोधतां शोधतां तो बदलला आणि उत्तर ‘नाहीं’ आलें, तर त्या ‘नाहीं’वर विश्वास ठेवावयाचा नाहीं, शोध पुन्हां करावयाचा. ‘आहे’ हें उत्तर सांपडलेल्या चिठ्ठीवरून तपासतां येतें; ‘नाहीं’ला तसा पुरावा नसतो, म्हणून त्याची ही फेरतपासणी. या साऱ्या रचनेंत हा भाग सर्वांत सुंदर म्हणावा लागेल.

उरला तो शेवटच्या चिठ्ठीवरचा आंकडा. फाइल उघडून हातीं ठेवावयाची तर तो घालणें भागच आहे, आणि अनेकांस एकच फाइल हवी असली कीं तेथें पुन्हां कुलुपाची गांठ. २०१३ मध्यें ३.१२ आवृत्तींत वेमन लाँग व टोर्वाल्ड्स यांनीं कुलूप व आंकडा हे दोन्ही ६४ बिटांच्या एकाच शब्दांत शेजारीं शेजारीं बसविले. प्रोसेसरला एक आज्ञा असते: ‘पूर्वीं पाहिलें तेंच अजून तेथें असेल तर हें नवें लिही, नसेल तर लिहूं नको.’ तिच्या योगें ‘कुलूप उघडें आहे असें दिसत असेल तर आंकडा वाढव’ हें काम कुलूप न घेतां एका दमांत होऊं लागलें.

मध्यंतरीं महाकुलुपाचें काय झालें? तें वर्षानुवर्षें झिजत होतें, पण जात नव्हतें. त्याचा स्वभाव विचित्र होता; तें धरणारा वाटेंत झोंपीं गेला तर तें आपोआप सुटे व जाग आल्यावर पुन्हां त्याच्या हातीं येई. अशा कुलुपाच्या आधारानें कोणत्या ओळी उभ्या आहेत हें कोणासहि नक्की सांगतां येईना. काढलें आणि कोठें तरी भिंत कोसळली तर? शेवटीं आर्न्ट बर्गमन यांनीं एकेक ठिकाण तपासून त्याचा निकाल लावला, व मे २०११ मध्यें २.६.३९ आवृत्ति त्याच्यावांचून निघाली. जें एका ओळींत घालतां आलें तें काढावयास पंधरा वर्षें लागलीं. या सर्व खटाटोपाची किंमतहि लहान नाहीं. पूर्वीं नवशिकाऊ माणूस हा मजकूर वाचून समजूं शके. आतां त्यांतली एखादी ओळ वरखालीं करावयास अनुभवी माणसाचाहि हात कांपतो. वेग मिळाला तो वाचणाऱ्या कोअरांस. मजकूर वाचणाऱ्या माणसांचें काम जड झालें.

मेमरींत चिठ्ठी नसेल तेव्हां डिस्कपर्यंत जावें लागतें, आणि तेथें २०१६ पर्यंत दर डिरेक्टरीस एकच कुलूप होतें. एक जण डिस्ककडून उत्तराची वाट पाहत असला तर त्याच डिरेक्टरींत दुसरें नांव शोधणाराहि तिष्ठत राही. त्या वर्षीं ४.७ आवृत्तींत अल व्हिरो यांनीं त्या कुलुपाचे दोन प्रकार केले: शोधणाऱ्यांनीं मिळून धरावयाचें, व बदलणाऱ्यानें एकट्यानें. दोघांनीं एकच नांव एकदम शोधावयास घेतलें तर त्याच्या दोन चिठ्ठ्या होऊं नयेत म्हणून पहिल्याचें उत्तर येईपर्यंत दुसऱ्यानें थांबावें, अशी तजवीजहि केली. नवी फाइल निर्माण करणें किंवा असलेली पुसणें हें मात्र त्या फेरफारांतहि एकट्यानेंच करावयाचें राहिलें. एम. आय. टी.च्या प्रयोगांत एक्झिमचीं पत्रें एकाच डिरेक्टरींत न टाकतां अनेक डिरेक्टऱ्यांत वांटून ठेवलीं होतीं, तीं याच कारणास्तव.